टप उघडणारी जुनी गाडी घेताय? बेळगाव भागात या चुका टाळा

ओपन गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिन ऐकतो, धूर बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो आणि टोकन देऊन येतो. टप, म्हणजे गाडीचं छप्पर, मात्र मागे दुमडलेलाच राहतो, कारण गाडी तशीच देखणी दिसते. खरं तर जुन्या कन्व्हर्टिबलचं इंजिन हा बहुतेक वेळा सुटणारा प्रश्न असतो. जिप्सीचं इंजिन निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठलाही जाणता मेस्त्री उतरवून बांधून देईल. टप, पत्रा किंवा कागद यांत घोळ निघाला तर मात्र गाडी दारात उभी राहते आणि पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही. म्हणून आधी टप, मग पत्रा, मग कागद आणि इंजिन सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा.

कुठल्या गाडीच्या मागे लागायचं

आपल्याकडे कमी पैशांत मिळणाऱ्या उघड्या गाड्या ढोबळमानाने दोन जातींच्या. पहिली, वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आणि कापडी टप हाताने काढायची: मारुती जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीपा, २०१० ते २०२० दरम्यानची थार. दुसरी, बाहेरून आलेली दोन दारांची गाडी, जिचा टप बटणावर उघडतो: मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड-४, मिनी कन्व्हर्टिबल. याशिवाय बेंगळूरच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म अधूनमधून विक्रीला दिसते. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन, दिसायला गोड. पण काच, दिवे किंवा दाराचं कुलूप गेलं तर पार्ट शोधत फिरावं लागतं, त्यामुळे घरात दुसरी गाडी असेल तरच तिच्याकडे बघा.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी सॉफ्ट टॉप जिप्सीच सुचवेन, तीही १९९६ नंतरची १३०० सीसीची जिप्सी किंग. गाडी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे पार्ट मिळतात. चारही चाकांना पाटे असल्याने ती आदळते, आवाज करते, एसीची अपेक्षा ठेवता येत नाही. हे सगळं घरच्यांना घेऊन लांबच्या ट्रायलवर अनुभवा आणि मगच ठरवा. डिझेल हवी असेल आणि बजेट थोडं वर जात असेल तर सीआरडीई इंजिनाची थार बघा.

टप कापून ओपन केलेली गाडी घेऊ नका

झेन, एस्टीम असल्या गाड्यांचं छप्पर कापून 'कन्व्हर्टिबल' म्हणून विकल्या जातात. फोटोत छान दिसतात, किंमतही मोहात पाडते. या गाड्यांना वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी तयार होते आणि तीच सगळा भार घेते. छप्पर कापलं की मधला भाग वाकायला लागतो. कंपनी जेव्हा मूळचीच उघडी गाडी काढते, तेव्हा दारांखालचे बीम आणि समोरच्या काचेची चौकट मुद्दाम मजबूत करते. गॅरेजमध्ये दोन अँगल वेल्ड करून ते काम होत नाही.

ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी सपाट जागी लावा, दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरून खालपर्यंत नीट बघा. मग पुढच्या चाकामागच्या जॅक पॉइंटला जॅक लावून ते चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि फट पुन्हा बघा. फट कमी-जास्त झाली, दार अडकायला लागलं किंवा उघडल्यावर परत बसेना, तर बॉडी वाकते आहे. अशी गाडी चोर्ला घाटाच्या वळणांवर भरवशाची नाही आणि बाजूने धडक बसली तर आत बसलेल्यांच्या वाट्याला काहीच आधार उरत नाही.

कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बॉडीचा प्रकार सलून (बंद छपराची) आणि समोर उघडी गाडी, म्हणजे विम्याचा क्लेम अडलाच म्हणून समजा. जुन्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट वेगळी. तिला स्वतंत्र चासी आहे आणि छप्पर बोल्टवर बसवलेलं असतं, त्यामुळे ते उतरवलं तरी गाडी वाकत नाही. तरी तिथेही आरसीवर काय लिहिलंय, ते बघायचंच.

दुमडलेला टप बघून सौदा करू नका

कापडी टप असेल तर तो तुमच्यासमोर पूर्ण चढवायला लावा. विकणारा 'आता कशाला, वेळ लागतोय' म्हणाला तरी थांबून राहा. चढवलेल्या टपाच्या आत बसा, दारं-खिडक्या लावा आणि उजेडाकडे बघा. शिवणीच्या रेषेत ठिपक्यांसारखा उजेड दिसला तर पाणी तिथूनच येणार. घड्या पडतात त्या जागी कापड पातळ झालंय का, बोटाने दाबून बघा. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून चरे गेलेली असेल तर रात्री मागच्या गाडीचा उजेड त्यावर पसरतो आणि काही दिसत नाही. अथणी, रायबागकडच्या उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर ही काच आणि कापडाचा वरचा थर हमखास बघा. पावसाळी खानापूरकडची गाडी असेल तर नाक वापरा. ओला टप दुमडून ठेवला की बुरशी येते आणि तो कुबट वास सीटमध्ये मुरतो. दुमडलेल्या घड्यांत उंदराने कुरतडलंय का, तेही बघून घ्या.

बटणावरच्या टपाला वेगळी परीक्षा. पहिल्या पिढीच्या एसएलकेचा लोखंडी टप साधारण २५ सेकंदांत उघडतो किंवा मिटतो. इंजिन चालू ठेवून तो पाठोपाठ उघड-मीट करायला लावा. मध्ये अडला, एका बाजूने वाकडा उतरला किंवा दुसऱ्या खेपेला सुस्त झाला, तर हायड्रॉलिकमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी. डिकीचा गालिचा उचलून पंपाजवळ आणि सिलिंडरच्या टोकांशी तेलाचा ओलेपणा बघा.

"टप एकदम ओके आहे ओ, मोटारचं जरा काम आहे तेवढंच," असं कोणी म्हणालं तर त्या 'जरा काम' या शब्दांवरच सौदा थांबवा. आधी त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर दुरुस्तीचं लेखी कोटेशन आणून तेवढे पैसे किमतीतून वजा करा. सिलिंडरचं नुसतं सील गेलं असेल तर अख्खा सिलिंडर बदलायची गरज नसते. आपल्या बेळगावात हायड्रॉलिकची कामं जाणणारी माणसं आहेत. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत विचारल्याशिवाय मुंबईहून महागडा पार्ट मागवू नका.

कधी कधी टप हलत नाही आणि दोष काहीच नसतो. बॅटरी उतरलेली असते, फ्यूज गेलेला असतो, किंवा डिकीतला सामान अडवणारा पडदा जागेवर लावलेला नसतो. एसएलकेमध्ये तो पडदा लागल्याशिवाय टप हलतच नाही. हे तीन बघून झाल्यावरच पंपाकडे वळा.

पाणी कुठून जातं, ते विचारा

बटणावर उघडणाऱ्या फॅक्टरी टपाच्या कडेने पन्हाळी असतात. तिथलं पाणी नळ्यांतून खाली रस्त्यावर पडायला हवं. पालापाचोळा आणि धुळीने या नळ्या तुंबतात. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे धूळ आणि पाचट खात फिरणाऱ्या आपल्या गाड्यांत तर लवकरच. २००२ ते २००८ च्या कापडी टपाच्या झेड-४ मध्ये टपाची मोटार मागच्या खोलगट जागेत अगदी खाली बसवलेली आहे. नळी तुंबली की पाणी साचून मोटार बुडते. हा त्या मॉडेलचा जगभर माहीत असलेला दोष आहे आणि आपल्या पावसात तो उघडकीला यायला वेळ लागत नाही.

गाडी बघायला जाताना पाण्याचा पाइप मिळेल का विचारा. टप लावून काचेच्या वरच्या कडेवर आणि दारांच्या कोपऱ्यांत काही मिनिटं साधी धार सोडा. प्रेशरचं पाणी मारू नका, त्याने चांगल्या टपातूनही पाणी शिरतं. मग पायाखालची मॅट उचलून त्याखालचा फोम दाबा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. जुलैत गाडी बघायला मिळाली तर सोन्याहून पिवळं. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर तासभर ट्रायल घेतली की टपाची सगळी हकीकत कळते.

गोव्याची गाडी आणि गंज

गोव्यातून आपल्याकडे बऱ्याच ओपन जीपा आणि थार येतात. त्यांतल्या काही पर्यटकांना भाड्याने दिलेल्या असतात. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पाटी बदललेली असली तरी आरसीवर वाहनाचा वर्ग वाचा. भाड्याच्या वर्गातून खाजगी वर्गात गाडी बदलून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि ते झाल्यावरच पैसे पूर्ण करा. नवशिक्या हातांनी क्लच किती घासलाय, हे चढावर कळेल. त्याहून मोठी भीती खाऱ्या हवेची आणि वाळूत फिरवण्याची आहे. रंग ताजा दिसतो, खाली चासी पापुद्रे सोडत असते.

जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, समोरच्या काचेच्या चौकटीचं बूड आणि चासीचं मागचं टोक या जागा बघा. बारीक चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. खालून ताजा काळा कोट मारलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठण्ण आवाज यायला हवा. बद्द आला तर पुढचं बोलणंच नको.

फोर बाय फोर असेल तर ते मातीच्या रस्त्यावरच लावून बघा, डांबरावर नाही. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. '२३१६' म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र तडकलेलं असतं.

दोन राज्यांच्या मध्ये अडकू नका

सीमाभागात सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. एमएच-०९ ची गाडी कोल्हापुरात स्वस्त मिळते, पाहुणे कागलला असतात, मग 'मामाच्या नावावर राहू दे' असं ठरतं. तसं करू नका. अपघात झाला तर कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ते सांगितलंय. म्हणजे गाडी तुम्ही चालवणार आणि कोर्टाच्या पायऱ्या मामा चढणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हवी. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि नाव बदलायला २९ व ३०. थकलेले चलान आधी ऑनलाइन बघून घ्या.

यानंतर येतो कर्नाटकाचा लाइफ टाइम टॅक्स, जो देशातल्या जास्त दरांपैकी एक आहे: किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आणि वर सेस. गाडी जुनी असेल तर वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशेब तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर होतो. दिल्ली पासिंगच्या एसएलके आणि झेड-४ ऑनलाइन इतक्या स्वस्त दिसतात, कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे. इथे आणल्यावर टॅक्स लागतो, शिवाय १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी. २०२२ पासून ती साध्या कारला ५,००० आणि आयात गाडीला ४०,००० रुपये आहे. २० वर्षं उलटलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० आणि ८०,००० झाली. हा सगळा आकडा बेळगाव किंवा चिकोडी आरटीओत आधी विचारून कागदावर मांडा. बहुतेकदा थोडी महाग दिसणारी केए-२२ किंवा केए-२३ ची गाडीच शेवटी स्वस्त पडते.

लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीचं आकर्षण बेळगावात असणारच, मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आहे आपलं. लिलावाचे मूळ कागद आणि आरटीओत नोंद झालेली आरसी दोन्ही हातात असतील तरच घ्या. 'पासिंग करून देतो' या शब्दावर आगाऊ पैसे देऊ नका.

घरच्यांसाठी दोन गोष्टी

जिप्सी आणि जुन्या थारच्या मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून हायवेला जाऊ नका. तिथे तीन ठिकाणी धरणारा पट्टा नाही, डोक्यावर पत्रा नाही आणि गाडी उंच असल्याने कलंडायची भीती जास्त. रोल बार असेल तर तो चासीला बोल्टने धरलाय की नुसता पत्र्याला वेल्ड केलाय, वाकून बघा.

नवा टप शिवायचा असेल तर सीट कव्हरवाल्याकडे रेक्झिनचा आग्रह धरू नका. ते उन्हात आवळतं आणि पहिल्या उन्हाळ्यातच बटणं लागेनाशी होतात. जाड कोटेड कॅनव्हास घ्या, दुहेरी शिवण घालून आतून पट्टी लावायला सांगा आणि माप टप पूर्ण ताणून घ्यायला लावा. जुना टप फेकू नका, नवा बसेपर्यंत तोच नमुना असतो.

गाडी ताब्यात घेताना साध्या कागदावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि 'टप उघडताना आणि मिटताना चालू स्थितीत' असं लिहून दोघांच्या सह्या करा. किल्ल्या दोन्ही मागा आणि टपाचे आडवे पाइप, क्लिपा, दाराच्या कापडी खिडक्या मोजून घ्या. जिप्सीचे हे सुटे भाग बहुतेकदा विकणाऱ्याच्या माळ्यावर राहून जातात.