पहिल्या पिढीचं स्मार्टवॉच घ्यावं का, आणि घेतलंच तर कसं पारखावं

स्मार्टवॉचमध्ये दोन जातींची खोट असते. एक अपडेट आलं की जाते, दुसरी घड्याळ टाकून देईपर्यंत सोबत राहते. पहिल्या मॉडेलमध्ये दोन्ही सापडतात आणि घेणारा सहसा नको त्या खोटीवर वैतागतो. मेन्यू गोंधळाचा आहे, ॲप मोजकीच आहेत, एकच नोटिफिकेशन दोनदा येतंय, याची फार चिंता नको. पण प्रोसेसर मंद, बॅटरी रात्रीपर्यंत पुरत नाही किंवा चार्जरची रचनाच कच्ची असेल, तर कंपनी कितीही चांगली असो, विकलेल्या घड्याळात ती काही बदलू शकत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये आलेलं पहिलं ॲपल वॉच बघा. सुरुवातीला त्यातली इतरांनी बनवलेली ॲप प्रत्यक्षात आयफोनवर चालायची, घड्याळ नुसता पडदा. त्यामुळे ॲप उघडेपर्यंत मनगट वर धरून ताटकळावं लागे. त्याच सप्टेंबरात वॉचओएस २, म्हणजे या घड्याळाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची पुढची आवृत्ती, आलं आणि ॲप घड्याळावरच चालू लागली. आतली एस१ चिप मात्र तीच होती, म्हणून ताटकळणं कमी झालं, संपलं नाही. जीपीएस नव्हतं ते नव्हतंच, आणि घड्याळ घालून पोहता येत नव्हतं तेही तसंच राहिलं. या दोन्ही गोष्टी १७ महिन्यांनी सिरीज २ मध्ये आल्या, म्हणजे नवं घड्याळ घेणाऱ्याला मिळाल्या.

आधी हे पाहा: खरंच पहिली पिढी आहे का?

नावातल्या आकड्यावर जाऊ नका. सॅमसंगचं गॅलॅक्सी वॉच ४ (२०२१) नावाने चौथं, पण वेअर ओएस ३ वर, म्हणजे गूगलच्या घड्याळांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालणारं पहिलंच. उलट गूगलचं पिक्सेल वॉच (२०२२) नावाने पहिलं असलं, तरी त्यातला व्यायाम आणि झोप मोजण्याचा भाग फिटबिट या फिटनेस-पट्टे बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला, बराच मुरलेला. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा: चिप, ऑपरेटिंग सिस्टीम, सेन्सर आणि चार्जिंगची पद्धत. यातली एखादी नवी असेल तर हरकत नाही. तीन किंवा चारही पहिल्यांदाच एकत्र येत असतील, तर पुढच्या मॉडेलची वाट पाहिलेली बरी.

कागदावर तपासायच्या गोष्टी

चिपचं नाव शोधा आणि ती कुठल्या वर्षीची आहे ते पाहा. जाहिरातीत हे सहसा नसतं, तपशिलाच्या तक्त्यात असतं. पहिल्या घड्याळात जुनी, हाताशी असलेली चिप टाकायचा मोह कंपन्यांना नेहमी होतो. पिक्सेल वॉचमधली एक्सिनॉस ९११० ही २०१८ च्या गॅलॅक्सी वॉचमध्ये वापरलेलीच चिप होती. मोटोरोलाच्या २०१४ च्या मोटो ३६० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, फोनच्या बाजारात तोवर म्हातारा झालेला ओमॅप ३ प्रोसेसर होता, आणि मंदपणा व बॅटरी या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी तिथूनच उगवल्या. चिप जुनी असली की फटका दुहेरी बसतो: आज वेग कमी आणि उद्या अपडेट लवकर बंद. मूळ मोटो ३६० ला अँड्रॉइड वेअर २.० (वेअर ओएसचं तेव्हाचं नाव अँड्रॉइड वेअर) मिळालंच नाही.

फोनची अट नीट वाचा. सॅमसंगचं २०१३ चं गॅलॅक्सी गिअर बाजारात आलं तेव्हा फक्त गॅलॅक्सी नोट ३ शी जुळत होतं. ॲपल वॉच आयफोनशिवाय सुरूच करता येत नाही, पिक्सेल वॉच आयफोनशी जुळत नाही. वर्षभरात फोन बदलायचा विचार असेल तर घड्याळाचा निर्णय त्या फोनसोबत घ्या.

चार्जरकडे लोक पाहतच नाहीत, आणि पहिल्या पिढीत सगळ्यात आधी बदलतो तो चार्जर. पिक्सेल वॉच २ ला टोकांचा, म्हणजे पिनांचा चार्जर आला आणि पहिल्याचा गोल चुंबकी चार्जर त्याला निरुपयोगी ठरला. एलजीच्या जी वॉचमध्ये (२०१४) पाठीमागचे धातूचे बिंदू घाम आणि त्यातून वाहणारा सूक्ष्म प्रवाह यांमुळे गंजू लागले. कंपनीने अपडेटने तो प्रवाह बंद केला. हार्डवेअरची खोट अपडेटने आवरली जाण्याची ही दुर्मीळ वेळ, पण आधीच गंजलेले बिंदू काही उजळले नाहीत.

पट्टा साध्या मापाचा, म्हणजे २० किंवा २२ मिलिमीटरचा आहे की खास खाचेचा? खास खाच असेल आणि पुढच्या पिढीत ती बदलली, तर सुटे पट्टे मिळणं कठीण होतं. गॅलॅक्सी गिअरचा तर कॅमेराच पट्ट्यात बसवलेला होता, त्यामुळे पट्टा बदलायचा प्रश्नच मिटला.

शेवटचं, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर काय उरेल? पेबल या स्मार्टवॉच बनवणाऱ्या छोट्या कंपनीची मालमत्ता डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिटने घेतली आणि ३० जून २०१८ ला पेबलच्या सेवा बंद झाल्या. हौशी मंडळींनी रेबल नावाने पर्यायी सेवा उभी केली म्हणून ती घड्याळं पुढेही वापरात राहिली. प्रत्येक घड्याळाला असे वाली मिळत नाहीत. नव्या, लहान कंपनीचं घड्याळ असेल तर इतकं पाहा की इंटरनेट नसताना वेळ, गजर, नोटिफिकेशन आणि पावलांची मोजणी चालू राहते का.

आणि "लवकरच येत आहे" असं लिहिलेलं वैशिष्ट्य आज नाही असंच धरून चाला. आरोग्याची वैशिष्ट्यं तर देशोदेशीच्या मंजुरीवर अडकतात. तुमच्या देशात ते सुरू आहे का, हे कंपनीच्या पानावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घेतलंच तर: परतीच्या मुदतीत करायच्या चाचण्या

खोकं, आतली वेष्टणं आणि पट्ट्याचा न वापरलेला तुकडा जपून ठेवा. पहिले दोन दिवस बॅटरीचा हिशेब करू नका. घड्याळ अपडेट उतरवत असतं, फोनशी माहिती जुळवत असतं, आणि नवलाईमुळे तुम्हीही दर पाच मिनिटांनी पडदा उजळत असता. तिसऱ्या दिवसापासून सकाळी चार्जरवरून काढताना आणि रात्री झोपताना टक्केवारी लिहून ठेवा, सलग तीन दिवस.

आता हा हिशेब करा. घड्याळाची बॅटरी चिमुकली असते आणि रोज भरावी लागते, त्यामुळे काही वर्षांत तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरू. आज १६ तासांत ८५ टक्के खर्च होऊन रात्री १५ उरत असतील, तर खर्च ताशी साधारण ५.३ टक्के. क्षमता ८० झाली की घड्याळ १५ तासांत मान टाकेल, म्हणजे झोपायच्या तासभर आधी. आज रात्री ४० टक्के उरत असतील तर तेव्हाही आजच्या मापाने २० उरतील. त्यामुळे रात्री ३५ च्या खाली जाणारं पहिल्या पिढीचं घड्याळ परत करावं. पडदा सतत चालू ठेवायची सोय बंद करून आकडा सुधारतो, पण ती सोय बघूनच घड्याळ घेतलं असेल तर ती चालू ठेवूनच मोजा.

जीपीएस तपासायला मैदानावरच्या धावपट्टीसारखी जागा नाही. प्रमाणित पट्टीच्या सर्वांत आतल्या मार्गाची एक फेरी ४०० मीटर, म्हणजे पाच फेऱ्या २ किलोमीटर. फोन सोबत नेऊ नका, नाहीतर काही घड्याळं गुपचूप फोनचंच जीपीएस वापरतात. सुरू करण्याआधी उपग्रह सापडल्याची खूण येईपर्यंत थांबा. ५० ते ६० मीटरचा फरक चालेल. नकाशावर रेघ वळणं कापत मैदानात घुसत असेल तर ते अँटेनाचं किंवा गणिताचं दुखणं आहे, आणि अँटेनाचं असेल तर बरं होणार नाही. याच वेळी अर्ध्या तासात बॅटरी किती उतरली तेही लिहा.

नाडी तीनदा पडताळा: बसून, जोरात चालताना आणि धावल्यावर लगेच. मानेवर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. बसून ३ ते ४ ठोक्यांचा फरक ठीक. धावताना आकडा एकदम १६० ते १७० वर जाऊन तिथेच चिकटला आणि तो तुमच्या मिनिटाच्या पावलांइतकाच असेल, तर सेन्सर नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतोय. आधी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधून पाहा. सेन्सरचा प्रकाश बाजूने निसटत असेल तर तेवढ्याने भागतं. गोंदण असलेल्या जागी मात्र चांगला सेन्सरही गडबडतो.

पडदा उन्हात वाचा, ओल्या बोटांनी चालवा. मनगट उचलल्यावर तो उजळायला सेकंदाहून जास्त वेळ लागत असेल तर रोज चिडचिड होईल. स्वतःला एक मेसेज पाठवा, त्यात "ज्ञ", "क्ष", "सुऱ्या", "पृथ्वी" असे शब्द घाला. जोडाक्षरं फुटली तर ही अपडेटने जाणारी खोट आहे, पण ती काढायची कंपनीला घाई असेलच असं नाही.

पाण्याची चाचणी घरी करू नका, कारण पाणी शिरल्याचं नुकसान हमीत बसेलच असं नाही. कागदावर एवढं ओळखा: आयपी ६७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही स्थिर. ५ एटीएम असेल तर पोहायला चालतं. साबण, गरम पाणी आणि वाफ यांपासून दोन्ही जपायची.

जुनं, वापरलेलं पहिलं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर

हौस किंवा संग्रह म्हणून खुशाल घ्या, रोजच्या वापरासाठी नको. पहिलं ॲपल वॉच वॉचओएस ४ वर थांबलं, सप्टेंबर २०१८ मधलं वॉचओएस ५ त्याला मिळालं नाही. घड्याळ डोळ्यांसमोर आडवं धरून काचेच्या कडेने उजेड पाहा. काच एका बाजूने उचललेली दिसली तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबून बसवू नका, चार्जही करू नका, सौदा तिथेच सोडा. मोटो ३६० असेल तर पाठीवर पट्ट्याच्या खाचेजवळ बारीक तडे शोधा. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र आणलं की जुन्या आकड्यांच्या सावल्या उमटल्या असतील तर दिसतात. मूळ चार्जर सोबत हवाच. आणि आतलं सील कितीही नावाजलेलं असो, इतक्या वर्षांच्या घड्याळाला पाणी दाखवायचं नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या फोनवरून घड्याळ तुमच्यासमोर वेगळं करायला, म्हणजे अनपेअर करायला सांगा. नुसतं रिसेट केलेलं ॲपल वॉच जुन्या मालकाच्या खात्याला कुलूपबंद राहू शकतं, आणि त्याचा पासवर्ड नसेल तर ते सुरू होत नाही. हाच नियम तुम्ही नवं घड्याळ परत करतानाही लागू आहे: आधी अनपेअर, मग खोक्यात.