होम थिएटरच्या खोलीतला गोंगाट कसा आटोक्यात आणावा

एसी, प्रोजेक्टर, रिसीव्हर (सर्व उपकरणे जोडून स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र), सबवूफर (फक्त खर्ज आवाजाचा स्पीकर) असे खोलीतले सगळे चालू करावे, चित्रपट मात्र लावू नये, आणि आपल्या नेहमीच्या जागी बसून पाच मिनिटे नुसते ऐकत राहावे. पंख्याची घरघर, कुठून तरी येणारी बारीक गुणगुण, दाराखालच्या फटीतून शिरणारा बाहेरचा आवाज यांची कानाला इतकी सवय झालेली असते की एरवी ते जाणवतही नाहीत. पण पडद्यावर कुणी कुजबुजले की ते बोलणे याच थराखाली गाडले जाते आणि आपला हात रिमोटकडे जातो. पुढच्याच प्रसंगात स्फोट झाला की तोच हात आवाज कमी करायला धावतो. महागडे स्पीकर आणून ही कसरत थांबत नाही.

साध्या बैठकीच्या खोलीत पार्श्वभूमीचा आवाज साधारण 35 ते 40 डेसिबल असतो. चांगल्या होम थिएटरमध्ये तो 25 च्या आसपास आणता येतो. हा थर 10 डेसिबलने खाली गेला, तर तीच कुजबुज ऐकण्यासाठी चित्रपटाचा आवाजही 10 डेसिबलने कमी ठेवता येतो आणि ॲम्प्लिफायरला त्यासाठी एक दशांश शक्ती पुरते. मोजमापासाठी मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप चालते, मात्र फोनच्या माइकची स्वतःची खरखर असल्यामुळे फार शांत खोलीत त्याचा आकडा शब्दशः खरा न मानता, ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या तुलनेपुरताच तो वापरावा.

सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्या आवाजापासून करावी. डेसिबलची बेरीज साधी नसते: जागेवर 30 डेसिबल ऐकू येणाऱ्या प्रोजेक्टरच्या जोडीला 20 डेसिबलचा रिसीव्हर असेल, तर रिसीव्हर पूर्ण बंद करूनही एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनेसुद्धा उतरत नाही. म्हणून एकेक उपकरण बंद करून कशाने खरा फरक पडतो ते आधी पाहावे, आणि मगच खर्चाचा विचार करावा.

बहुतेक खोल्यांत मोठा गुन्हेगार पंखाच निघतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो, त्यामुळे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरवणे केव्हाही चांगले. एसीच्या बाबतीत हेच तत्त्व वापरून चित्रपटाआधी अर्धा तास खोली थंड करून घ्यावी आणि नंतर पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा. प्रोजेक्टर इको मोडवर, म्हणजे कमी विजेवर चालवला तर उजेड थोडा घटतो, पण अंधाऱ्या खोलीत तो बहुधा पुरतो. एवढ्याने भागले नाही तर प्रोजेक्टरभोवती पेटी बांधता येते. मात्र तिच्यात हवा आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वेगवेगळा हवा, आणि दोन्ही मार्ग आतून ध्वनिशोषक अस्तर लावून वळणावळणाचे करावे लागतात, म्हणजे हवा जाते पण आवाज अडतो. पेटीतले तापमान पहिले काही दिवस तपासत राहावे, कारण गरम झालेला प्रोजेक्टर आपला पंखा आणखी जोरात फिरवतो आणि केलेले काम वाया जाते. रिसीव्हर, गेम कन्सोल, हार्ड डिस्क यांसाठी याहून सोपा उपाय म्हणजे ती सगळी हवेशीर कपाटात किंवा शेजारच्या खोलीत हलवणे. माझ्या मते, नवी खोली बांधताना या उपकरणांच्या तारांसाठी भिंतीतून एक रुंद नळी टाकून ठेवण्याइतकी शहाणपणाची दुसरी गोष्ट नाही.

स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल, तर तो बहुधा वीजपुरवठ्याच्या 50 किंवा 60 हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो, आणि त्यामागे बऱ्याचदा ग्राउंड लूप असतो. म्हणजे दोन उपकरणे वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडलेली असतात आणि त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकामुळे सिग्नलच्या तारेतून वीज वाहू लागते. शोध असा घ्यावा: आवाज अगदी कमी करून सबवूफरची सिग्नल केबल काढावी. गुणगुण थांबली तर ती केबलवाटे येत होती. थांबली नाही तर दोष सबवूफरमध्येच आहे. पहिला प्रकार असेल तर केबल परत जोडून रिसीव्हरला लावलेली उपकरणे एकेक करून सोडवावीत. अनेकदा टीव्हीची केबल किंवा डिशची तारच दोषी निघते. सर्व उपकरणे एकाच सर्किटवरून चालवल्याने प्रश्न सुटला नाही, तर त्या तारेवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन विजेची थेट जोडणी तोडणारा छोटा भाग) बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये. गुणगुण जाते, पण धातूच्या खोक्यात वीज उतरली तर वाचवणारे काहीच उरत नाही.

खडखडाट हा वेगळाच त्रास. 20 ते 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर मध्यम आवाजात लावावा आणि खोलीभर फिरत वस्तूंना बोट लावून पाहावे. मी दोन संध्याकाळी सबवूफरचा पडदा फाटला असे समजून बसलो होतो; प्रत्यक्षात एका विशिष्ट सुराला छतावरच्या दिव्याची सैल चकती खुळखुळत होती. चकतीखाली चिकटवलेल्या फेल्टच्या तुकड्याने काम झाले.

आता भिंतींकडे वळू. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि सर्वांत जास्त पैसा याच गोंधळात वाया जातो. भिंतीवरचा फोम खोलीतला प्रतिध्वनी कमी करतो, शेजाऱ्याची झोप वाचवत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी. अडवण्यासाठी वजन, हवाबंदपणा आणि दोन थर एकमेकांना थेट न जोडलेले असणे लागते. भिंत कितीही भक्कम असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का फट उघडी असेल, तर एकूण अडवणूक 20 डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून आधी दार भरीव करावे, चौकटीला सर्व बाजूंनी रबरी पट्टी लावावी आणि दाराखाली आपोआप खाली उतरणारी पट्टी बसवावी. जिप्सम बोर्डाचा दुहेरी थर आणि मागे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) हा विचार त्यानंतरचा.

खालच्या सुरांपुढे मात्र हे सारे तोकडे पडते. 40 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, त्यामुळे पाच सेंटिमीटर जाडीचा फोम त्याच्या वाटेत जवळपास नसल्यासारखाच. सबवूफरखाली रबरी बैठक ठेवली की जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा खर्ज तसाच पुढे जातो. तेव्हा भिंत जोडून असलेल्या घरात रात्री सबवूफरची पातळी स्वतंत्रपणे उतरवावी आणि रिसीव्हरचा नाइट मोड, म्हणजे मोठे आणि लहान आवाज यांतले अंतर कमी करणारी सोय, चालू करावा.