वृत्राची गोष्ट मुलांना कशी सांगावी

ही गोष्ट ज्येष्ठात सांगायची. आभाळ भरून येतं पण पाऊस काही पडत नाही, असे चार-आठ दिवस येतात ना, तेव्हा. माण तालुक्यात मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. टँकर आला की हंडे घेऊन पळणारी आमची पोरं. पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पोरांना ठाऊक असतो तो टीव्हीतला ड्रॅगन, पंखांचा, तोंडातून आग ओकणारा. आपल्याकडचा आहे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 32व्या सूक्तात. ऋचा फक्त 15. इंद्र ज्याला मारतो तो ‘अहि’, म्हणजे साप. इंग्रजी भाषांतरात त्यालाच ड्रॅगन म्हटलंय. गोष्ट सांगण्याआधी हे सूक्त अर्थासकट दोनदा तरी वाचून काढा.

सुरुवात पाण्यापासून करा. सगळं पाणी डोंगरात कोंडलंय, नद्या निघतच नाहीत. कुणी कोंडलं, हे पोरांनाच विचारू द्या, मग नाव सांगा: वृत्र. हाच तो अहि. ‘वृ’ म्हणजे झाकणं, अडवणं. मी मोटेचा जुना नाडा वर्गात आणून त्याचं वेटोळं घालून ठेवायची. याला हात नाहीत, पाय नाहीत, असं म्हणत हळूहळू त्याच्याभोवती फिरायचं. आणि हा आग ओकत नाही. हा धुकं पसरतो, गारा फेकतो. गारपिटीत ज्यांच्या घरची द्राक्षं गेली आहेत, ती पोरं इथं एकदम सावध होतात.

लढाई थोडक्यात उरका. देवांचा कारागीर त्वष्टा, त्यानं वज्र घडवलं, इंद्र सोम प्यायला, घाव घातला, आणि कुऱ्हाडीनं तोडलेल्या खोडासारखा अहि जमिनीवर आडवा झाला. बस. खरी गंमत पाण्यात आहे. ‘वाश्रा इव धेनवः’, हंबरत निघालेल्या गाईंसारखं पाणी थेट समुद्राकडे धावलं. इथं वर्गाला सांगायचं, संध्याकाळी रानातून आलेली गाय वासरासाठी कशी हंबरते, काढा आवाज. पोटभर हंबरू द्या.

ते थांबले की आवाज खाली आणा. वृत्राची आई दानू. इंद्रानं तिच्यावरही प्रहार केला. वर आई, खाली मुलगा, ‘वासरासकट गाय’ पडावी तशी ती पडलीय. आत्ता हंबरलेली गाय ही अशी परत येते. बरेच सांगणारे हा भाग गाळतात. कृपा करून गाळू नका. माझ्या वर्गात इथं दरवेळी टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

मग इंद्राची भीती. जिंकलेला इंद्र घाबरून पळतो, भ्यालेल्या ससाण्यासारखा, नव्व्याण्णव नद्या ओलांडून. सूक्तच त्याला विचारतं की अहीचा सूड घ्यायला आलेला कोण दिसला तुला? उत्तर दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका, पोरांना विचारा. कुणी भूत म्हणतं, कुणी दुसरा साप. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, त्याची आई.”

वज्र तर दधीची ऋषींच्या हाडांचं ना, ती हाडं कुठं गेली, हे कुणीतरी विचारतंच. ती गोष्ट नंतरची, महाभारत-पुराणांतली. यात मिसळू नका, वेगळ्या दिवशी सांगा. सातवीच्या पुढची मुलं असतील तर महाभारताच्या उद्योगपर्वातला वृत्रही सांगता येतो. ओल्यानं नाही, सुक्यानं नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असं मरण त्यानं मागून घेतलेलं असतं. मग इंद्रानं त्याला कशानं मारलं? हे कोडं म्हणून घाला आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर ठेवा. उत्तर आहे समुद्राचा फेस, तिन्हीसांजेला.