स्यूदाद पेर्दिदा: कोलंबियाच्या जंगलातल्या हरवलेल्या नगरीपर्यंत पायी

कोलंबियाच्या उत्तरेला सिएरा नेवाडा दे सांता मार्ताच्या डोंगरात ताइरोना लोकांनी इ.स. ८००च्या सुमारास वसवलेली ही नगरी. इथले मूळ रहिवासी तिला तेयुना म्हणतात. १९७२ मध्ये ती सापडली ती थडगी उकरून सोनं काढणाऱ्यांना. पुरातत्त्वज्ञ १९७६ मध्ये पोचले. गाडीरस्ता आजही नाही. जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर, चार दिवस. उंची कळसूबाईपेक्षा कमीच, त्यामुळे विरळ हवेची चिंता नको. इथे माणसाला दमवते ती ओल.

डिसेंबर ते मार्च त्यातल्या त्यात कोरडा काळ. सप्टेंबरमध्ये मूळ रहिवाशांच्या विधींसाठी वाट बंद असते. एकट्याने जाता येत नाही; सांता मार्ता शहरातल्या परवानाधारक संस्थेसोबतच जावं लागतं. इथल्या मूळ रहिवाशांपैकी वीवा समाजातले वाटाडेही मिळतात, जमलं तर तेच घ्या. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच सांगा, कारण सामान खेचरांवरून आधीच वर जातं.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

सॅक ५ ते ७ किलोच्या वर नको. कपड्यांचे दोनच जोड: एक चालायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड जाड प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवा आणि काहीही झालं तरी दिवसा घालू नका. घामाने भिजलेला जोड रात्रभर दोरीवर टांगला तरी सकाळी ओलाच असतो. तोच पुन्हा चढवायचा. सुती मोजे टाळा. ते पाणी धरून ठेवतात, टाच घासली जाते आणि दुसऱ्या दिवशी फोड येतो. सकाळी टाचांना व्हॅसलीन लावा. कातडी गरम लागली की तिथल्या तिथे थांबून टेप चिकटवा, फोड येईपर्यंत वाट पाहू नका. बूट नवे कोरे नकोत. २५-३० टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, इलेक्ट्रॉल आणि हेडलॅम्प हवाच.

एल मामे या गावाहून चालायला सुरुवात होते. पहिल्या दुपारचा चढ उघड्यावरचा, तांबड्या मातीचा. पाऊस पडला की तीच माती साबण होते. वाटेत कोगी या मूळ रहिवाशांची गोल झोपड्यांची गावं लागतात. न विचारता फोटो काढू नका, मुलांचे तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून बुरिताका नदी ओलांडायची. दुपारच्या पावसाने पाणी झपाट्याने चढतं, म्हणून पहाट. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडा. पाय घसरला तर सॅक पटकन टाकता आली पाहिजे. पलीकडे सुमारे १२०० दगडी पायऱ्या. शेवाळलेल्या, आणि इतक्या अरुंद की अख्खं पाऊल मावत नाही. चढताना फारसं काही वाटत नाही, माणसं पडतात ती उतरताना. पाऊल आडवं टाका, एका वेळी एकच पायरी, आणि काठीचा भार पायरीच्या आतल्या कोपऱ्यावर द्या, कडेवर नाही.

वर गोल दगडी चौथरे एकावर एक चढत गेलेले दिसतात. खापराचा तुकडा दिसला तर जिथे आहे तिथेच राहू द्या. या नगरीतून आधीच खूप काही नेलं गेलं आहे.