लीजची गाडी दारात आली, आता पहिल्या महिन्यात काय करायचं?

"वहिनी, सह्या करून गाडी घरी आणली, पण आता झोप येईना." धाकट्या दिराचा पार्सिपनीहून रात्री अकराला फोन आला. त्याची अमेरिकेतली ही पहिलीच नवी गाडी. मी न्यू जर्सीतच, एडिसनला राहते आणि आमची ही तिसरी लीजची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी हप्त्यावर भाड्याने घेतलेली, गाडी. त्याला जे फोनवर सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

त्याचा पहिला प्रश्न होता, "तीन दिवसांत परत करता येते ना?" नाही येत. तीन दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा जो केंद्रीय नियम आहे, तो डीलरच्या शोरूममध्ये बसून केलेल्या गाडीच्या व्यवहाराला लागू होत नाही. वर विकलेल्या जादा गोष्टींचं मात्र वेगळं असतं. टायर-व्हील कव्हर किंवा वाढीव वॉरंटी घेतली असेल, तर त्या कागदावर रद्द करण्याची मुदत दिली आहे का, ते आजच बघा. तीन वर्षांच्या लीजवर वाढीव वॉरंटी मला तरी पटत नाही. बऱ्याच गाड्यांना कंपनीचीच वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल असते, म्हणजे लीजइतकीच.

दुसरा प्रश्न, "फसलो तर नाही ना?" याचं उत्तर करारातच असतं. तीन आकडे शोधा: अॅडजस्टेड कॅपिटलाइज्ड कॉस्ट (लीजसाठी धरलेली गाडीची किंमत), रेसिड्युअल व्हॅल्यू (लीज संपताना गाडीची धरलेली किंमत) आणि रेंट चार्ज (व्याजासारखा आकार). लीजच्या केंद्रीय कायद्यानुसार हे छापावेच लागतात. मनी फॅक्टर, म्हणजे लीजमधला व्याजदराचा आकडा, सांगण्याचं बंधन नाही, पण तो काढता येतो. समजा पहिला आकडा ३२,००० डॉलर, रेसिड्युअल १९,२०० आणि ३६ महिन्यांचा रेंट चार्ज ४,६०८. महिन्याचा झाला १२८. त्याला पहिल्या दोन आकड्यांच्या बेरजेने, म्हणजे ५१,२०० ने भागा. ०.००२५ येतं. त्याला २,४०० ने गुणलं की ६, म्हणजे साधारण ६ टक्के व्याज. हप्त्यातला दुसरा भाग घसाऱ्याचा: १२,८०० भागिले ३६, म्हणजे ३५५.५६. दोन्ही मिळून ४८३.५६, वर कर. तुमचे आकडे घालून असा हप्ता काढा; करारातला हप्ता त्यापेक्षा बराच जास्त निघाला, तर बोलण्यात ठरलेली किंमत आणि कागदावरची किंमत शेजारी ठेवून बघा. तिथे फरक दिसला तर फोन नको, ईमेल करा.

आता ओडोमीटर. मागच्या गाडीच्या वेळी माझ्या करारात १२ मैल लिहिले होते आणि गाडीवर १८७ दिसत होते. ती गाडी लोकांना चालवून दाखवायला वापरलेली होती. लीजमध्ये ठरावीक मैलच मिळतात, जादा मैलांचे पैसे पडतात. त्यांची मोजणी करारातल्या आकड्यापासून सुरू होते, म्हणजे ते १७५ मैल आमच्या खात्यात पडले असते. ताब्यात घेताना फोटो काढला होता म्हणून दुरुस्ती करून मिळाली. तो फोटो अजून घेतला नसेल तर आत्ता खाली जाऊन घ्या. चारही बाजू, चारही चाकं आणि आतल्या सीटचेही घ्या. दुसरी किल्ली किंवा मॅट "नंतर देतो" म्हणाले असतील, तर ते लिहून मागा.

इन्शुरन्समध्ये मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. गाडीची मालकी लीज कंपनीची असते, त्यामुळे पॉलिसीवर तिचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड (विम्याचं संरक्षण मिळणारी) आणि लॉस पेयी (नुकसानभरपाई जिला मिळते ती) म्हणून हवं, तेही करारात आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आमच्या एजंटने डीलरचं नाव घातलं. सहाव्या आठवड्यात पत्र आलं की तुमच्याकडे इन्शुरन्स नाही, आम्हीच घेऊन त्याचा खर्च तुमच्या खात्यावर टाकू. दोन दिवस फोनवर गेले. कव्हरही तपासा: माझ्या करारात एका जखमी माणसामागे १ लाख, एका अपघातामागे ३ लाख आणि मालमत्तेसाठी ५० हजार डॉलरची अट आहे. राज्यात कायद्याने लागणारं किमान कव्हर याहून कमी आहे, म्हणून जुन्या स्वस्त पॉलिसीवर नवी गाडी नुसती चढवून भागत नाही. गॅप कव्हर करारात आहे का तेही पाहा. गाडी पूर्ण निकामी झाली तर इन्शुरन्सचे पैसे वजा जाता लीज कंपनीची उरलेली रक्कम ते भागवतं, पण तुम्ही आधी भरलेलं डाउन पेमेंट परत येत नाही. म्हणून लीजवर मोठं डाउन पेमेंट करू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

मैलांचं गणित पहिल्याच महिन्यात करा. करारात वर्षाला १२,००० असतील तर महिन्याला १,०००. माझं ऑफिस जाऊन-येऊन ४२ मैल, २१ दिवसांचे ८८२. उरलेल्या ११८ मैलांत भाजी, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, ब्रिजवॉटरचं मंदिर सगळं बसवायचं. ते बसत नाही. जादा मैलाला २० सेंट असतील तर ३,००० मैलांचे ६०० डॉलर होतात. आम्ही लांबच्या प्रवासाला नवऱ्याची जुनी गाडी काढतो.

पूजा जरूर करा. फक्त स्वस्तिक काचेवर काढा, कुंकू-हळद रंगावर किंवा फिकट सीटवर राहू देऊ नका आणि नारळ गाडीपासून लांब फोडा. डॅशबोर्डवरचा गणपती पक्क्या गोंदाने चिकटवू नका, काढताना पृष्ठभाग निघून येतो आणि परतीच्या तपासणीत त्याचे पैसे लागतात.

दीर व्हिसावर आहे, त्यामुळे त्याची खरी काळजी वेगळी होती: नोकरी गेली आणि परत जावं लागलं तर? मुदतीआधी गाडी परत करणं फार महाग पडतं. करारात लीज ट्रान्सफरचं, म्हणजे लीज दुसऱ्याच्या नावावर करण्याचं, कलम शोधा. काही कंपन्या परवानगी देत नाहीत, काही देतात पण मूळ माणसालाही जबाबदार धरतात. रेसिड्युअलला गाडी विकत घेऊन पुढे विकण्याची वाटही असते, पण आधी स्वतः न घेता तिसऱ्याला थेट विकणं अनेक कंपन्या आता चालू देत नाहीत. म्हणून आज, नोकरी पक्की असतानाच, कंपनीला फोन करून या दोन्ही गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आणि आई-बाबा उन्हाळ्यात येणार, त्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूने दाखवायचा, असं त्याने शेवटी सांगितलं. गाडी आपल्या मालकीची नसल्याने सीमेवर लीज कंपनीचं परवानगीपत्र जवळ असावं. आम्ही दोन आठवडे आधी मागितलं होतं. इन्शुरन्स कंपनीकडून कॅनडासाठीचं विम्याचं कार्डही घेतलं आणि दोन्ही ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं, रजिस्ट्रेशनच्या शेजारी.