बिनकागदाच्या लॅब्रॅडॉरची पिल्लं काढायची का?

वंशावळीचे कागद नाहीत म्हणजे कुत्री वाईट असं नाही, पण तिचे आईबाप कसे होते हे सांगणारं कुणी नसतं. आमच्या लॅब्रॅडॉर मादीला मेटिंगआधी डॉक्टरांनी मागच्या खुब्यांचा एक्स-रे काढायला लावला. मांडीचं हाड वाटीत नीट बसतच नव्हतं! एरवी उड्या मारायची हो. हा दोष पिल्लांत उतरू शकतो, म्हणून बेत तिथेच रद्द. तेव्हा आधी एक्स-रे, मग नराची चौकशी. पिल्लं विकायची असतील तर 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणी लागते, मादी किमान 18 महिन्यांची हवी, आणि 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात; ती कोण घेणार, त्यांची नावं आधी वहीत लिहा. यादी चारावरच अडली तर नसबंदीची तारीख घ्या.