हिमोफिलियाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाताना

चॅप्टरच्या, म्हणजे संघटनेच्या आपल्याकडच्या शाखेच्या बैठकीत तुमचं नाव पुकारलं की लगेच तिकिटाच्या मागं लागू नका. आधी एक शंभर पानी वही विकत घ्या. मी परभणीहून दोनदा दिल्लीला जाऊन आले. पहिल्या खेपेला वही न घेताच गेले, त्याची रुखरुख अजून आहे. समोर मोठे डॉक्टर, माईक माझ्या हातात, आणि मला माझ्याच लेकराच्या गुडघ्यापलीकडं काही सुचेना. ज्या घरांनी मला पाठवलं होतं, त्यांचा एकही प्रश्न माझ्यापाशी नव्हता.

दुसऱ्या खेपेला महिनाभर आधीपासून फोन लावले. एका घराला एक पान. वर मुलाचं वय, वजन, हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारा फॅक्टर आठ कमी) का बी (फॅक्टर नऊ कमी), रक्तातल्या त्या फॅक्टरची पातळी, शेवटचा ब्लीड, म्हणजे आतला रक्तस्राव, कुठल्या सांध्यात झाला. खाली त्यांचे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. “काही विचारायचं आहे का?” म्हटलं की लोक “नाही ताई, बरं चाललंय” म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा असं विचारा: मागच्या महिन्यात शाळा किती दिवस बुडाली? फॅक्टरचं इंजेक्शन दिल्यावर सूज किती वेळानं उतरते?

मानवतकडच्या एका आईनं असंच बोलता बोलता सांगितलं, की पूर्वी एका डोसात उतरायची, आता तीन दिले तरी घोटा तसाच. तिला हा प्रश्नच वाटत नव्हता. औषध हलकं आलं असेल, असं धरून ती गप्प होती. अधिवेशनात मी तिचं पान वाचलं आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथं इनहिबिटरची तपासणी करायला सांगितली. काही रुग्णांचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच परकं समजतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, मग नेहमीचा डोस लागू पडत नाही आणि उपचारच बदलावा लागतो. तपासणीत तेच निघालं. नुसत्या त्या एका पानासाठी मला दिल्लीला जावं लागलं असतं तरी मी गेले असते.

पान वाचताना नाव आणि गाव मात्र घेऊ नका. बहिणीचं लग्न अडेल म्हणून आपल्याकडं कितीतरी घरांत हा आजार झाकून ठेवलेला असतो.

आता घरचं. अधिवेशन नोव्हेंबरात, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. पहिल्या वेळी मुलाला घरी ठेवून गेले. दुसऱ्याच दिवशी त्याचा घोटा सुजला. फ्रिजमध्ये फॅक्टर होता, पण शीर धरायला येणारी मी एकटीच आणि मी दिल्लीत. त्याला जिल्हा रुग्णालयात नेईपर्यंत रात्र झाली. फॅक्टर पहिल्या दोन तासांत गेला तर सांध्याचं नुकसान पुष्कळ वाचतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून ती रात्र फार वाईट गेली. परत आल्यावर रुग्णालयातल्या डे केअरच्या सिस्टरांना विनंती करून ह्यांना शीर शोधायला शिकवून घेतलं. आता ते माझ्यापेक्षा हळुवार हातानं देतात. घरात दुसरा हात तयार झाल्याशिवाय लेकराला मागं ठेवून निघू नका.

मूल सोबत नेणार असाल तर फॅक्टर किती घ्यायचा? डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, पण गणित स्वतःलाही यायला हवं. हिमोफिलिया ए मध्ये वजनाच्या दर किलोमागे फॅक्टर आठचं १ युनिट दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. माझा मुलगा ३० किलोचा. घोट्याच्या ब्लीडला पातळी ४० टक्क्यांनी वाढवायची तर ६०० युनिट. डोक्याला मार लागला तर १०० टक्क्यांपर्यंत न्यायची, म्हणजे १५००. मी १५०० जवळ ठेवल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडत नाही. हिमोफिलिया बी असेल तर हिशेब वेगळा: फॅक्टर नऊच्या १ युनिटाला साधारण १ टक्काच वाढतो, म्हणजे कुप्या दुप्पट लागतात.

फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचा. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाला जेल पॅक, त्यावर टॉवेलची घडी, मग कुप्या. कुपी बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की वाया गेली. जेल पॅक दिल्लीपर्यंत पुरत नाहीत. मी भुसावळला बर्फ घेते, जाड पिशवीत बांधून त्याच टॉवेलखाली सरकवते. द्यायच्या आधी कुपी आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पावडर विरघळवताना गोल फिरवा, हलवून फेस करू नका. सुया, सिरिंजा आणि फुलपाखरू सुई बॅगेत असल्यानं डॉक्टरांचं पत्र वरच्या खिशात असावं. त्यात निदान, औषध आणि डोस, शिवाय ठळक अक्षरांत: स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन नको, आयब्युप्रोफेन नको.

गाडी सचखंड एक्सप्रेस. सकाळी परभणीला धरली की दुसऱ्या दिवशी नवी दिल्ली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच खालचा बर्थ मिळवा. रेल्वेची ७५ टक्के सवलत उपचाराला किंवा तपासणीला जाण्यासाठी आहे. अधिवेशनासाठी पूर्ण तिकीट काढा, उगाच सवलतीचं नाव खराब करू नका. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. वाटेत स्टेशनावर लंगरचं जेवण घेऊन सेवेकरी येतात, म्हणून एक रिकामा डबाही ठेवा. नोंदणीच्या फॉर्मवरच लिफ्टजवळची खोली आणि कमोड मागून घ्या. गुडघा वाकत नसलेल्या मुलाला तिथं पोचल्यावर खोली बदलून मागणं फार जड जातं.

सगळी सत्रं गाठायची धडपड नको. नव्या औषधांचं सत्र चुकवू नका, एमिसिझुमॅबबद्दल प्रत्येक घर विचारतं: कातडीखाली देतात, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी, पण ब्लीड थांबवायला नाही, होऊ नये म्हणून. फिजिओचं सत्र मुलासोबत बसून बघा.

आणि बायांनो, महिलांच्या सत्राला जाच. मी पहिल्या वेळी ते चुकवून बाजारात गेले होते. आपण फक्त कॅरिअर, म्हणजे आजार पुढं देणाऱ्या, आजार मुलाला, असंच मी बारा वर्षं धरून चालले होते. पाळीत सात-आठ दिवस अंगावरून जायचं, त्याला घरात सगळ्या जणी अंगची उष्णता म्हणायच्या. तिथं कळलं, की कॅरिअर बाईचीही फॅक्टरची पातळी कमी असू शकते आणि ती ४० टक्क्यांच्या खाली असेल तर बाईलाही सौम्य हिमोफिलियाच म्हणतात. परत येऊन तपासलं, माझी ३४ निघाली. दात काढायचा होता, तो आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारून काढला. आता वहीच्या प्रत्येक पानावर मी आईची आणि बहिणींची पातळीही लिहिते.

जेवायला आपल्या माणसांत बसू नका. ताट घेऊन दुसऱ्या राज्याच्या टेबलावर जा, मोडक्या हिंदीत विचारा: तुमच्या जिल्ह्यात घरी न्यायला फॅक्टर देतात का, कुठल्या आदेशानं? आदेशाचा फोटो मागा. आपल्या सिव्हिल सर्जनांपुढं “तिकडं देतात” म्हणून भागत नाही, कागद ठेवावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, त्याच्या प्रमाणपत्राला कुठं काय अडचण येते आणि कशी सुटते, हेही टेबलावरच समजतं. वार्षिक सभेत मत द्यायचं असेल तर चॅप्टरचं पत्र मूळ प्रतीत न्या.

परत आल्यावर आठ दिवसांत बिलं खजिनदारांकडं द्या. पण फोन त्याच्याही आधी, आणि ज्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही त्यांनासुद्धा. थर्मासात उरलेल्या कुप्यांवर प्रवासाची तारीख घाला, फ्रिजमध्ये पुढच्या बाजूला ठेवा आणि पुढच्या ब्लीडला त्याच आधी वापरा.